नळीवरचा अंगठा

दोन्ही खिळी ठोकून काढल्या, शेपटीचा पेच फिरवला आणि बंदुकीची नळी दस्त्यातून सुटली. नासीर मिस्त्रीनं ती फडक्यात धरून उलटी केली, दाराशी नेली आणि तिथंच उभा राहिला. नळीच्या पोटाकडे, जिथं ती लाकडाच्या खाचेत निजून असते आणि जन्मात कुणाच्या नजरेला पडत नाही, तिथं तपकिरी लोखंडात एक फिकट अंगठा उमटलेला होता. पुसट नव्हे, रेघन् रेघ मोजावी असा. सकाळचे अकरा वाजले होते. जुन्या धुळ्याच्या त्या गल्लीतून कापसाची गाडी चालली होती आणि गाडीवान समोरच्या सायकलवाल्याच्या आईचा उद्धार करत होता. नासीरला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. चार दिवस ही बंदूक दुकानात पडून होती, त्यानं ती हाताळली होती, तिच्यावर बोटानं टकटक केलं होतं, तिला शिव्याही घातल्या होत्या, पण ओळखली नव्हती. वीस वर्षांपूर्वी याच हातांनी दुरुस्त केलेली बंदूक त्यानं ओळखली नाही. अंगठा मात्र बघताक्षणी ओळखला. ‘कनीज,’ तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, आणि समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवून वर पाहिलं.

बंदूक ओळखू येण्यासारखी ठेवलीच नव्हती कुणी. टोपीची, ठासणीची जुनी रायफल. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी गजानं ठासायची, मागच्या घुंडीवर तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा पाडायचा. आत आटे पाडलेले, म्हणून रायफल. नाहीतर भिंतीला टेकून ठेवलेली काठीच म्हणायची. साक्रीकडच्या एका इनामदाराच्या घरातून ती कुठं कुठं फिरत तोताराम वकिलांकडे आली होती. मधल्या कुणीतरी दस्त्याला बग्गीला फासतात तसला काळा रोगण फासला होता. घोड्याच्या पेटीला सायकलचे इस्क्रू ठोकले होते. पुढच्या ओठाचं लाकूड फुटलं तिथं रॉकेलच्या डब्याचा पत्रा गुंडाळला होता. माणसाला म्हातारपणी दुसऱ्याचे कपडे घालून बाजारात बसवावं तशी ती दिसत होती. वकीलसाहेब स्वतः घेऊन आले होते, अंगात खादी, पायात कोल्हापुरी. धुळ्यात नवा बंगला बांधलाय, दिवाणखान्यात लावायची आहे, म्हणाले. ‘मिस्त्री, नवी दिसता कामा नये. जुनाट पण दिसता कामा नये. कंपनी सरकारच्या काळात जशी होती तशी दिसायला पाहिजे.’ नासीर म्हणाला, ‘साहेब, तेव्हा ती नवी होती.’ वकील हसले. अहिंसेवर भाषण देऊन घरी यायचं आणि बंदुकीखाली बसून चहा प्यायचा, यात त्यांना काही खटकत नव्हतं. नासीरलाही खटकलं नाही. असं काम आता येतं कुठं? लोक येतात ते कुलपं घेऊन, स्टोव्ह घेऊन, जिनिंगमधले दात तुटलेले चक्र घेऊन. जुना पेच हातानं पाडायचा, घोड्यामागची कमान, म्हणजे स्प्रिंग, तापवून वाकवायची, हे काम करणारा माणूस अख्ख्या खानदेशात आता तो एकटाच उरला होता, आणि ते त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

नळीला गंज चढवणं ही या धंद्यातली सगळ्यात उफराटी गोष्ट. सगळी दुनिया गंज काढते, बंदूकवाला तो पाळतो. नळी आधी घासून आरशासारखी करायची, मग ओल्या चुन्यानं चोळून तिच्यावरचा तेलाचा शेवटचा कण काढायचा. एकदा चुना लागला की संपलं, मग उघडा हात लावायचा नाही. दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकून, त्या धरूनच ती उचलायची. नवसागर, मोरचूद आणि शिरक्याचं पाणी कापडाच्या बोळ्यानं एका दमात फिरवायचं, आणि ओलसर जागी टांगायची. दुसऱ्या दिवशी तिच्यावर लाल साय येते. ती तारेच्या ब्रशानं खरवडायची, पुन्हा पाणी, पुन्हा टांगणं. नऊ-दहा दिवस. मग उकळतं पाणी ओतलं की गंज मरतो आणि पिकल्या चिंचेच्या सालीसारखा रंग कायमचा बसतो. या दहा दिवसांत माणसाच्या बोटाचा घाम लागला की झालं. तेवढ्या जागी पाणी धरत नाही. डाग पहिल्या दिवशी दिसतही नाही, सहाव्या-सातव्याला डोळे उघडतो, आणि नवव्या दिवशी तुमच्याकडे बघून हसतो. मग सगळी नळी पुन्हा घासून पहिल्यापासून. धुळ्याच्या कोरड्या हवेत तर गंजही मिनतवाऱ्या केल्याशिवाय येत नाही. म्हणून नासीरचा बाप नळ्या घरातल्या पाण्याच्या रांजणांपाशी टांगायचा, आणि नासीरही. म्हणजे बायकोच्या राज्यात. म्हणजे पाणी भरताना, पेला बुडवताना, घागर उतरवताना त्या नळीला वळसा घालून वावरायचं हे कनीजच्या नशिबी आलं होतं.

ती पारोळ्याची. बाप पिंजारी. सात वर्षं संसार झाला, मूल नव्हतं. कनीजला लोखंडाचं वेड लागलं होतं, हे नासीरनं कधी कुणाला सांगितलं नाही, कारण बाईला लोखंडाचं वेड असतं हे सांगायला त्याला लाज वाटायची. ब्रश मारायला ती आपणहून बसायची. हाताला धुतलेल्या चिंध्या गुंडाळून, ओढणी दातात धरून, खुंट्या मांडीवर टेकवून. तिचा हात त्याच्यापेक्षा हलका होता. त्याच्या हातचा रंग जाड बसायचा, तिच्या हातचा खोल. ‘आज गुलाबी आलीय,’ ती सकाळी रांजणापाशी जाऊन सांगायची, जणू कुणाला ताप आलाय की उतरलाय ते सांगावं. आणि तो म्हणायचा, ‘हात नको लावू.’ सात वर्षांत तो तिच्याशी काय काय बोलला असेल, ते आता आठवू गेलं तर हे एकच वाक्य हाती येत होतं. हात नको लावू.

अठरा सालचा पावसाळा. हीच बंदूक, तेव्हा इनामदाराची. नवव्या दिवशी नासीरनं नळी उतरवली, उलटी केली, आणि पोटाकडे डाग बघितला. अंगठ्याएवढा. लाकडाखाली जाणारा. इनामदारच काय, इनामदाराचा नातूही तो बघणार नव्हता. उकळतं पाणी ओतून नळी दस्त्यात बसवली असती तर खुदा सोडून कुणाला कळलं नसतं. पण कारागिराची अब्रू म्हणून एक कीड असते, ती पोटात असली की माणूस बायकोला खातो. ‘मी नाही लावला,’ कनीज म्हणाली. एकदाच म्हणाली. तो तासभर बोलला. तुझ्या बापानं कापूस पिंजला, लोखंडाची तुला काय अक्कल, म्हणाला. सात वर्षांत तुझ्या हातून एक गोष्ट धड झाली नाही, असंही म्हणाला, आणि ही ‘एक गोष्ट’ म्हणजे काय ते दोघांनाही कळलं. ती रांजणाजवळ उभी होती. तिनं हातावरच्या चिंध्या सोडल्या, नीट घडी घातली, कोनाड्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी टपालाच्या टांग्यात बसून पारोळ्याला गेली. येईल आपणहून, तो म्हणाला. नळी त्यानं तशीच डागासकट बसवून दिली. पुन्हा घासली नाही. ज्या डागासाठी घर मोडलं, तो घासायची त्याला गरजही वाटली नाही. आणि मग मानमोडीचा ताप आला. धुळ्यात माणसं ओट्यावर बसल्या बसल्या जायची, कबरी खोदणारे खोदता खोदता जायचे. पारोळ्याहून कार्ड आलं तेव्हा तिला माती देऊन तीन दिवस झाले होते. घरून निघाल्यापासून एकेचाळिसाव्या दिवशी ती गेली होती.

त्यानंतरची वीस वर्षं नासीरनं एक गोष्ट नेमानं केली. त्यानं तिला माफ केलं. सुरुवातीला दात खाऊन, मग सवयीनं, मग मायेनं. बाईमाणूस, लागला हात, काय बिघडलं, असं तो मनात तिला इतक्या वेळा म्हणाला की शेवटी ते वाक्य त्याच्या मनात उशीसारखं मऊ पडलं. दुसरं लग्न केलं नाही. लोक त्याचं कौतुक करत. एवढ्याशा चुकीची कुणाला एवढी शिक्षा होऊ नये, असं तो कधी कधी स्वतःशी म्हणायचा, आणि शिक्षा कुणी दिली तो विचार दाराशी आला की उठून काहीतरी घासायला घ्यायचा. आणि आज ती चूकच हातात आली होती. कनीजचा ना फोटो होता, ना तिच्या हातचं काही शिवलेलं उरलं होतं. लिहिता येत नव्हतं म्हणून चिठ्ठीही नव्हती. होता तो हा अंगठा. मधोमध एक तिरकी बारीक रेघ गेली होती. लोखंडाची चीर असेल, नासीर म्हणाला, आणि नळी मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्यानं पेटीत ठेवली. घासायची होतीच. गंज नव्यानं चढवायचा तर सगळी नळी कोरी करावी लागते, त्यात पोट आणि पाठ असा भेद चालत नाही. पण आज नको, म्हणाला.

त्या आठवड्यात त्यानं बाकीचं काम असं केलं, की बापानं बघितलं असतं तर पहिल्यांदा आयुष्यात गप्प बसला असता. बैलगाडीच्या जुन्या धावेचं लोखंड तापवून त्याचे पेच केले, डोक्याची खाच सुद्धा हातकरवतीनं, किंचित वाकडी, जुन्या लोकांची असायची तशी. काळा रोगण काचेच्या तुकड्यानं खरवडला, खाली शिसवाचं लाकूड अजून जिवंत होतं. जवसाच्या तेलात रतनजोत भिजत घातली आणि ते लाल झालेलं तेल तळव्यानं चोळचोळून लाकडाला पाजलं. फुटक्या ओठाला म्हशीच्या शिंगाचा तुकडा तासून बसवला. आणि प्रत्येक गोष्ट करताना तो मनात कनीजशी बोलत होता. बघ, म्हणत होता, असा तळवा फिरवायचा. बघ, लाकूड कसं पितंय. लाकडाला हात लावलेला चालतो, लाव. बावन्न वर्षांचा माणूस, डोळ्यावर दोरी बांधलेला चष्मा, आणि गालात हसतोय. समोरचा शिंपी म्हणाला, ‘मिस्त्री, निकाह ठरला की काय?’

तोताराम वकिलांचा गडी उखर्डू दर दोन दिवसांनी यायचा. धोतराचा सोगा खांद्यावर टाकून उंबऱ्यावर बसायचा आणि फुकटचा विस्तव मागून बिडी ओढायचा.

‘काय मिस्त्री, व्हयनं का काम?’

‘नळी राहिलीय.’

‘नळी ऱ्हायनी म्हन्जे बठ्ठंच ऱ्हायनं ना! नुसता दस्ता लिसन वकील काय आंबा पाडी का?’

‘लोखंडाला वेळ लागतो.’

‘लोखंडले नही, तुले लागस. दोन रोज झायात, तो गठुडा तू उघडतच नही. काय शे त्यामां? बाई शे का?’

नासीर चिडला नाही. ‘शे,’ म्हणाला. उखर्डू एवढा हसला की त्याला खोकला आला, आणि गल्लीभर ते सांगत गेला.

त्याच दुपारी नासीरनं पोस्टाबाहेरच्या लिहिणाऱ्याकडून पारोळ्याला कार्ड टाकलं. कनीजची धाकटी बहीण ताजबी तिथं होती. बहीण गेली तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, आता तिच्याच लेकीचं लग्न झालेलं. ‘तुझ्या आपाची निशाणी मिळाली आहे. येऊन बघून जा. मग ती राहणार नाही.’ लिहिणाऱ्यानं विचारलं, निशाणी म्हणजे दागिना का? नासीर म्हणाला, तू लिही. ईद-बकरीदला जाणं-येणं होतं, पण दोघंही कनीजबद्दल बोलत नसत. ताजबी त्याला शिरखुर्मा वाढायची, तो तिच्या पोरांना खाऊ द्यायचा, आणि मधे ती एकेचाळीस दिवसांची भिंत दोघंही हात न लावता ठेवत. कनीज तिथं काय बोलली, काय खाल्लं, कशी गेली, त्यानं विचारलं नव्हतं. जे विचारायला हवं होतं ते विचारलं की उत्तर येतं, एवढी अक्कल त्याला होती.

ताजबी यायच्या दिवशी सकाळी त्याच्या मनात आलं, ती बघून जाईल, पण हाती काय घेऊन जाईल? नळी तर घासावी लागणार. अंगठा कागदावर उतरवून द्यावा. दिव्याचं काजळ जवसाच्या तेलात कालवलं. गंजानं भोवतालचं लोखंड केसभर खाल्लं होतं, रेषा तेवढ्या वर राहिल्या होत्या, काजळ नेमकं त्यांनाच बसलं. पतंगाचा पातळ कागद वर अंथरून त्यानं हलक्या हातानं चोळला, आणि उचलला. उमटला. कनीजचा अंगठा, काळा कुळकुळीत, त्यातल्या त्या तिरक्या रेघेसकट. तो बघतच राहिला. कागद सरळ धरावा म्हणून त्यानं दुसऱ्या कडेला बोट टेकवलं, आणि काजळानं माखलेला त्याचा स्वतःचा अंगठा तिथं शेजारी उमटला. त्यातही एक तिरकी रेघ होती.

होतीच, नासीरच्या अंगठ्यावर ती होतीच. नऊ वर्षांचा होता तेव्हा कानशीला मूठ बसवताना तिचं टोक अंगठ्यात शिरलं होतं. बापानं जखमेत चुना आणि हळद भरली, आणि रडतोस कशाला, आता हा अंगठा कामाचा झाला, म्हणाला. इतकी जुनी खूण, की ती आहे हे तो विसरून गेला होता. आपल्या अंगठ्याकडे बघतं कोण? त्यानं दोन्ही ठशांकडे पाहिलं. त्याची रेघ डावीकडून उजवीकडे चढत होती, कनीजची उजवीकडून डावीकडे. उलटी. ‘उलटी आहे,’ तो मोठ्यानं म्हणाला, आणि छातीतून एक गरम श्वास बाहेर पडला, बुडणाऱ्याच्या नाकाला हवा लागावी तसा. उलटी आहे, माझी नाही, चीर आहे लोखंडाची. कितीतरी वेळ, म्हणजे चार-पाच श्वास असतील, तो सुखी होता. मग ज्या माणसानं चाळीस वर्षं बंदुकांच्या पट्ट्यांवर नावं कोरली होती, पितळी शिक्के उलटे खोदले होते, त्या माणसाला आठवलं, की शिक्का कागदावर उलटाच उमटतो. नळीवरचा अंगठा कागदावर उतरला म्हणजे फिरला. त्यानं कागद मधोमध दुमडला आणि दारातल्या उन्हासमोर धरला. दोन अंगठे एकमेकांवर आले. आणि एकच अंगठा राहिला.

‘मी नाही लावला,’ ती म्हणाली होती. एकदाच.

त्याला राग आला, आणि खरं सांगायचं तर पहिला राग तिचाच आला. दोनदा का नाही म्हणालीस? ओरडली का नाहीस? माझा हात धरून त्या नळीवर का नाही आपटलास? मग तो रागही टिकेना. पहिल्या दिवशी चुना लावून झाल्यावर त्यानंच नळी उचलून रांजणापाशी टांगली होती. खुंटी जरा ढिली होती, नळी घसरली, त्यानं खालून अंगठ्यानं सावरली. हे त्याला आता आठवलं की तो आत्ता रचत होता? रांजणाच्या ओल्या मातीचा वास आठवला, नळीचा गार स्पर्श आठवला. अंगठ्याला गार लागलं होतं. इतकं छोटं, इतकं गार, आणि वीस वर्षं तो ज्याला माया म्हणत होता ते सगळं त्या गारव्यावर उभं होतं. त्यानं तिला माफ केलं होतं! नळीकडे बघायची त्याला हिंमत होईना. कनीजचं त्याच्याकडे काहीच नव्हतं. गेल्या आठवड्यात ज्याला तो तळव्यानं गोंजारत होता, ज्याच्याशी बोलत होता, तो त्याचाच हात होता.

दुमडलेला कागद त्याच्या हातात होता आणि दारात ताजबी उभी होती.

‘अस्सलामु अलैकुम, दुल्हेभाई. मोटारवाल्याचं मढं उचलो, पारोळ्यापासून उलट्या करत आले.’ तिनं वांग्यांची पिशवी कोपऱ्यात टाकली. भरदार बाई, कपाळावर घाम, डोळे थेट कनीजचे. इतकी वर्षं ईदला बघून त्याला ते दिसले नव्हते. ‘पाणी मागाहून. आधी निशाणी दाखवा. कार्ड वाचून घेतलं तेव्हापासून झोप नाही. काय आहे? चांदीची साखळी का? ती तर अम्मानं...’

नासीरनं बोट दाखवलं. ती नळीवर वाकली.

‘हे?’ बराच वेळ तिला कळेना. मग कळलं. ‘या अल्ला. हे आपाचं बोट?’ तिनं हात ओढणीला पुसले, एकदा, दोनदा. ‘हात लावू?’

नासीरनं हो म्हणून मान हलवली.

ताजबीनं आपला अंगठा त्या अंगठ्याशेजारी टेकवला, वर नाही, शेजारी. ‘केवढा मोठा आहे हो. आपाचे हात तर एवढेसे होते. तिच्या बांगड्या माझ्या लेकीला सुद्धा चढत नाहीत.’ मग तिनं स्वतःच समजूत घातली. ‘दाबला म्हणजे पसरत असेल.’ तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. ‘वीस वर्षं झाली. मला तिचा चेहरा नीट आठवत नाही, दुल्हेभाई, कुणाला सांगू नका. आणि बोट राहिलं बघा.’

सांगायचं नाही, एवढंच करायचं होतं. गप्प बसायचं होतं. कागद चुलीत घालायचा, तिला हा अंगठा कनीजचा म्हणून घेऊन जाऊ द्यायचं. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. ती सुखानं परत जाईल, नळी घासली जाईल, वकिलाच्या भिंतीवर बंदूक चढेल, आणि जगात कुठंही ही गोष्ट शिल्लक राहणार नाही. नासीरनं ताजबीच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते विश्वासानं बघत होते, अगदी त्या रांजणापाशी त्या दिवशी कनीजचे बघत होते तसे, तो बोलायला सुरुवात करायच्या आधी.

‘ताज, तो तिचा नाही.’

‘काय?’

‘तो माझा आहे.’ त्यानं कागद उलगडून तिच्यापुढे धरला, मग दुमडला, मग तिला उन्हासमोर दाखवला. आपला काळा अंगठा दाखवला. ‘नळीला हात मी लावला होता. नाव तिचं घेतलं. तासभर बोललो. तिच्या बापावर गेलो. मूल नाही त्यावर गेलो. म्हणून ती पारोळ्याला आली.’

ताजबी खाली बसली. ‘आपा तर म्हणाली, अम्माच्या गुडघ्यांना तेल चोळायला कुणी नाही म्हणून आले.’

‘तसं म्हणाली?’

‘तसंच म्हणाली. अम्मानं खोदून खोदून विचारलं. भांडण झालं का? मारलं का? नाही म्हणाली. तो कशाला मारतो, त्याला बंदुकांतून फुरसत कुठं, म्हणाली.’

समोरच्या शिंप्याचं मशीन चालू झालं, थांबलं, पुन्हा चालू झालं. ताजबी नळीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं, पाणी तेवढं गालावर राहिलं होतं, ते तिनं ओढणीनं पुसलं, खसकन, जेवणाचं ताट पुसावं तसं.

‘मग घासून टाका,’ ती म्हणाली. ‘तुमचा अंगठा बघायला आले होय मी, उलट्या करत?’

नासीर कागदाची घडी घालत बसला.

‘उठा. घासा म्हणते ना. माझ्यासमोर घासा. कसं धरायचं ते सांगा, मी धरते.’

त्यानं नळी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली. लांब नळी, पलीकडचं टोक थरथरतं. ताजबीनं ते दोन्ही हातांनी धरलं. हात नको लावू, हे त्याच्या जिभेवर आलं आणि त्यानं ते गिळलं. बारीक कानस घेतली, अंगठ्यावर आडवी ठेवली, ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. तपकिरीच्या खालून पांढरं लोखंड वर आलं, रेषा एकेक करून कमी झाल्या, तिरकी रेघ तेवढी खोल होती, ती राहिली. चौथ्या ओढीला त्याचा हात थांबला.

‘ताज. ती तिथं काय करत होती? ते एकेचाळीस दिवस?’

‘आता विचारता?’

‘हो. आता.’

‘सगळं सांगू? तुम्हाला लागेल ते सुद्धा?’

‘लागेल ते आधी.’

ताजबीनं नळी सोडली नाही. बोलताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, नळीच्या तोंडातल्या काळ्या भोकाकडे बघत होती. ‘धुळ्याचा टपालाचा टांगा दुपारी यायचा. त्या वेळेला आपा तोंड धुऊन, वेणी घालून ओसरीवर येऊन बसायची. रोज. अम्माला म्हणायची, आत गुदमरतंय. टांगा आला, माणसं उतरली, टांगा गेला, की उठून आत जायची. मला काय कळतंय तेव्हा! मग ताप चढला. उठता येईना. तर मला बसवायची ओसरीवर. बघून ये म्हणायची, कोण उतरलं. पहिल्या दिवशी मी सांगितलं, कासोद्याचा बोहरी उतरला आणि एक पोलीस उतरला. तिनं भिंतीकडे तोंड केलं. ते मला बघवेना. दुसऱ्या दिवसापासून मी खोटं बोलायला लागले.’

‘काय खोटं?’

‘टांगा आलाच नाही म्हणायचे. तापानं घोडेवाले मेलेत, धुळ्याचा रस्ता बंद आहे, कुणालाच येता येत नाही. तेरा वर्षांची होते, जे सुचलं ते सांगितलं. बाहेर टांगा उभा असायचा, आणि मी आत जाऊन सांगायचे, आज पण नाही आला.’ तिनं नळी आणखी घट्ट धरली. ‘मोठं खोटं आहे, दुल्हेभाई. मी कुणाला सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी म्हणाली, बिचारा चालत निघाला असेल.’

गल्लीतून उखर्डू येत होता. लांबूनच ओरडला, ‘काय मिस्त्री, व्हयनं का?’ नासीरनं कानस खाली ठेवली, दुकानाची एक फळी लावली, मग दुसरी, आणि अर्धवट घासलेल्या नळीपाशी ताजबीच्या समोर येऊन खाली बसला.

‘चालत निघाला असेल म्हणाली?’

‘हो.’

‘अजून सांग,’ तो म्हणाला.